डावा हात मोकळा: एटीव्हीच्या तीन गिअरबॉक्सांची गोष्ट

समजा, तुम्ही मिशिगनमध्ये किंवा अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये घर घेतलंय. घर बेताचंच, पण मागे पाच एकर जमीन. हिवाळ्यात लांबलचक ड्राइव्हवेवरचा बर्फ बाजूला करायचा, वादळात पडलेली झाडं ओढून आणायची, कधीतरी शनिवारी ट्रेलवर भटकायचं, म्हणून तुम्ही एटीव्ही बघायला जाता. चार फुगीर टायर, मोटरसायकलसारखी सीट, मोटरसायकलसारखं हँडल. विक्रेता विचारतो, ‘मॅन्युअल हवी, इलेक्ट्रिक शिफ्ट हवी, की ऑटोमॅटिक?’ आणि तुम्ही कारच्या हिशोबाने पटकन म्हणता, ऑटोमॅटिकच ना, आजकाल दुसरं कोण घेतं?

थांबा. हा प्रश्न आधी आईला किंवा मावशीला विचारून बघा. गंमत नाही करत. १९८० किंवा ९० च्या दशकात पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात ज्यांनी लूना किंवा कायनेटिक होंडा चालवली, त्यांच्या हातांना या प्रश्नाचं निम्मं उत्तर माहीत आहे. घरात जर बाबांची बजाज चेतक असेल, तर उरलेलं उत्तर बाबांकडे मिळेल.

आपल्याला वाटतं की मॅन्युअल जुनं, इलेक्ट्रिक मधलं आणि ऑटोमॅटिक नवं. म्हणजे ही एक शिडी आहे आणि आपण वरच्या पायरीवर जायचं. एटीव्हीचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. यातला प्रत्येक गिअरबॉक्स कुणाच्या तरी नेमक्या अडचणीवर शोधलेला उपाय आहे. कुणाचा हात अडकला होता, कुणाच्या पायात जाड बूट होते, कुणाचं दुकान हिवाळ्यात ओस पडत होतं. तुमची अडचण त्यातल्या कुणाशी जुळते, हे कळलं की निवड बरीचशी होऊन जाते.

नूडल्स पोचवणाऱ्या पोराचा हात

गोष्ट सुरू होते जपानमध्ये, १९५८ साली. होंडाने सुपर कब नावाची ५० सीसीची छोटी दुचाकी बाजारात आणली. होंडाचा व्यवहार सांभाळणारे ताकेओ फुजिसावा यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते सोबा नूडल्स घरपोच करणारं पोरगं. त्याच्या एका हातात ताट असणार, म्हणजे गाडी दुसऱ्या हाताने चालली पाहिजे. मग क्लचची दांडी ठेवून चालणार कसं?

तेव्हा होंडाने दांडीच काढून टाकली. इंजिनाचे फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच आपोआप पकडतो; फेरे कमी झाले की सोडतो. हा सेंट्रिफ्यूगल क्लच. गिअर मात्र राहिले, तीन, आणि ते पायाने टाकायचे. पायाचा पेडल दाबला की गिअर बदलण्यापुरता क्लचही सुटतो. डावा हात मोकळा.

आपल्याकडच्या लूनाचं काम याच तत्त्वावर चालायचं. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली. तिला बदलायला गिअरच नव्हते, पण ॲक्सिलरेटर पिळला की क्लच आपोआप पकडायचा. त्याच साली आलेली चेतक मात्र डाव्या हाताने क्लच दाबून, तीच मूठ फिरवून गिअर टाकायला लावायची. चेतक शिकणारा चौकात किती वेळा बंद पडला, हे बाबांना विचारा. हाफ क्लच जमेपर्यंत शेजारचे काका मागे धावायचे. लूनाला हे शिक्षणच लागायचं नाही, आणि म्हणून ज्यांना कुणी कधी गाडी शिकवायला मागे धावलं नव्हतं, अशा कितीतरी बायका ती घेऊन बाहेर पडल्या. क्लच हा एक दरवाजा होता. तो काढला की आत कोण येईल, बाहेर कोण पडेल, हे बदलतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो जरा कठोर होऊन परत येणार आहे.

उन्हाळ्याची कंपनी, हिवाळ्याची कंपनी

होंडाने १९५९ साली लॉस एंजेलिसमध्ये आपली अमेरिकन शाखा उघडली. मोटरसायकली चांगल्या खपू लागल्या, पण एक अडचण होती: थंडी पडली की गिऱ्हाईक गायब. १९६७ च्या सुमाराला अमेरिकेतून जपानला मागणी गेली की डीलरांना हिवाळ्यातही विकता येईल असं काहीतरी बनवा. ओसामु ताकेउची या इंजिनिअरने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं आणि शेवटी तीन चाकांवर स्थिरावला. बर्फात, वाळूत, चिखलात रुतू नयेत म्हणून कमी हवेचे फुगीर टायर लावले. १९७० साली ही गाडी यूएस९० या नावाने अमेरिकेत आली. पुढे तिचं नाव एटीसी९० झालं.

तिच्या ८९ सीसी इंजिनामागचा गिअरबॉक्स कुठल्या परंपरेतला असेल? सुपर कबच्याच. पायाने टाकायचे चार गिअर, आपोआप पकडणारा क्लच, आणि जोडीला जड कामासाठी वेगळी लो रेंज. टोकियोतल्या नूडलवाल्या पोरासाठी सुचलेली युक्ती अमेरिकन शेतावर पोचली.

आज एटीव्हीच्या बाजारात ‘मॅन्युअल’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, त्याचं मूळ इथे आहे. होंडाच्या रँचरसारख्या कामाच्या गाडीत ‘फूट शिफ्ट’ म्हणजे पायाने गिअर, पण हाताचा क्लच नाही. यामाहा रॅप्टर ७०० सारख्या स्पोर्ट गाडीत हाताने क्लच दाबायचा आणि पायाने गिअर टाकायचा, म्हणजे अगदी आपल्या बाईकसारखं. डीलर नुसतं ‘मॅन्युअल’ म्हणाला तर लगेच विचारा, क्लचची दांडी आहे का? दोन्ही गाड्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे.

आता नकाशावर वर या. मिनेसोटामध्ये, कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९५४ पासूनची पोलारिस ही कंपनी, आणि तिचं सगळं आयुष्य स्नोमोबाइलवर उभं. म्हणजे होंडाची अडचण अगदी उलटी: बर्फ वितळला की धंदा थांबला, आणि एखाद्या साली बर्फ कमी पडला तर विचारूच नका. उन्हाळ्यात विकता येईल असं काहीतरी हवं, म्हणून १९८५ साली पोलारिसने आपली पहिली एटीव्ही बाजारात आणली.

मोटरसायकलवाले आपला गिअरबॉक्स घेऊन आले होते, तसे स्नोमोबाइलवाले आपला घेऊन आले. स्नोमोबाइलमध्ये गिअर नसतातच. खोल बर्फात गिअर बदलायला क्षणभर जरी ताकद तुटली तरी गाडी रुतते. म्हणून तिथे दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा रबरी पट्टा असतो. प्रत्येक पुली दोन शंकूंची. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीचे शंकू जवळ येतात, पट्टा त्यांच्यावर वर सरकतो, मागच्या पुलीत तो आत उतरतो, आणि गिअर न बदलता गाडी ‘वरच्या गिअरमध्ये’ जाते. गिअरच्या सायकलची साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर उडी न मारता हळूच सरकत गेली तर कसं होईल, तसं. याला सीव्हीटी म्हणतात.

ही कल्पना पोलारिसची नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सॉल्सबरी स्कूटरमध्ये १९३० च्या दशकातच ती होती, आणि १९५८ साली हॉलंडच्या डाफ कंपनीने ती कारमध्ये बसवली. आपल्या घरात ती आली १९८० च्या दशकात, कायनेटिक होंडातून. बटण दाबा, मूठ पिळा, निघा. आज भारतात रस्तोरस्ती दिसणारी ॲक्टिव्हासुद्धा त्याच जातीची. तेव्हा तुमची आई जर कायनेटिक होंडा चालवत असेल, तर पोलारिसच्या ऑटोमॅटिकच्या आत काय चाललंय ते तिच्या ओळखीचं आहे. त्या स्कूटरचा पट्टा तुटून ती कधी भर रस्त्यात उभी राहिली असेल, तर फारच ओळखीचं आहे.

बटणाचा गिअर

आता मधला पर्याय. ‘इलेक्ट्रिक’ या शब्दाने फसू नका. गाडी पेट्रोलवरच चालते. १९९८ च्या फोरमन ४५० ईएस या मॉडेलमध्ये होंडाने डाव्या मुठीपाशी दोन बटणं दिली, एक वरच्या गिअरसाठी, एक खालच्या. बटण दाबलं की एक छोटी मोटर गिअरचा दांडा फिरवते. आतला गिअरबॉक्स तोच दात्यांचा, क्लच तोच आपोआप पकडणारा. फक्त पायाचं काम मोटरकडे गेलं.

एवढ्यासाठी एवढा खटाटोप का? बर्फातले जाड बूट किंवा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पेडलखाली चवडा सरकवून पाहा, मग कळेल. शिवाय ज्याचा गुडघा किंवा घोटा दुखतो, त्याला दिवसभर पायाने गिअर टाकणं नको होतं. कधी कुठला गिअर टाकायचा हा निर्णय मात्र अजून तुमचाच राहतो, आणि हाच या पर्यायाचा मोठा गुण आहे.

पूर्ण ऑटोमॅटिक बनवतानाही होंडाने मोठ्या कामाच्या गाड्यांत पट्ट्याची वाट धरली नाही. २००१ च्या रुबिकॉनमध्ये तेलाच्या दाबावर चालणारी होंडामॅटिक यंत्रणा आली, २००३ च्या रिंकनमध्ये कारसारखा टॉर्क कन्व्हर्टर आला, आणि पुढे डीसीटी: दोन क्लच, एक विषम गिअरांसाठी, एक सम गिअरांसाठी, म्हणजे पुढचा गिअर आधीच तयार. बाजारात ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली हे सगळं विकलं जातं. म्हणून दुसरा प्रश्न: आत पट्टा आहे की दाते?

चढलात त्याच गिअरमध्ये उतरा

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो उतारावर. खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात एसटीच्या ड्रायव्हरला पाहिलं असेल, तर त्याचा नियम ठाऊक असेल: घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं, आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

दात्यांच्या गिअरबॉक्समध्ये हे घडतं. साध्या पट्ट्याच्या सीव्हीटीत मात्र ॲक्सिलरेटर सोडला की पुढच्या पुलीचे शंकू लांब जातात, पट्टा सैल पडतो, आणि इंजिनाचा चाकांशी संबंध सुटतो. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी उतारावरून सुटते. कंपन्यांनी यावर उपाय केले आहेत. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये पट्टा कायम ताणलेला ठेवून इंजिनाची ओढ टिकवली जाते, आणि इतरांच्याही बऱ्याच मॉडेलांत तशी सोय असते. पण जुन्या किंवा स्वस्त गाडीत ती असेलच असं नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्ससारख्या डोंगराळ वाटांवर जायचा बेत असेल, तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता उरलेलं पटापट सांगतो. बर्फ ढकलायचा असेल तर पुढे-मागे, पुढे-मागे असं शंभर वेळा करावं लागतं. सीव्हीटीत एक दांडी सरकवली की झालं. होंडाच्या फूट शिफ्ट किंवा ईएसमध्ये रिव्हर्ससाठी न्यूट्रलला येऊन, ब्रेक धरून, एक बटण दाबून मग गिअर टाकावा लागतो. सवय होते, पण वैताग येतो. ओढकामात सीव्हीटी असेल तर लो रेंजमध्येच राहा. हाय रेंजमध्ये हळूहळू ओझं ओढलं की पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. ओढ्यातून, चिखलातून जायचं असेल तर पट्ट्याच्या खोक्यात पाणी जाता कामा नये. ओला पट्टा पकडत नाही. तेलात बुडालेल्या दात्यांना ही भीती कमी. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर खेळायचं असेल, तर हाताच्या क्लचची स्पोर्ट गाडी. तिथे ताकद नेमकी कधी सोडायची हे आपल्या बोटांत असण्यातच मजा आहे. तीच गाडी बर्फ ढकलायला नेलीत, तर दुसऱ्या दिवशी डावा पंजा दुखत बसेल.

जुनी गाडी घेत असाल तर चालवून पाहा. सीव्हीटी निघताना हिसका देते का, जळक्या रबराचा वास येतो का? ईएस असेल तर सगळे गिअर वर-खाली करा आणि पडद्यावरचा आकडा बरोबर दाखवतोय का ते बघा. तिथे बॅटरी, मोटर, सेन्सर यांतलं काहीही दमलेलं असू शकतं. बॅटरी दगावली तर टूल किटमधल्या पान्याने गिअर हलवायची सोय आहे का, तेही विचारा. फूट शिफ्ट असेल तर चढावर वरच्या गिअरमध्ये जोर लावा. इंजिन नुसतं ओरडत असेल आणि गाडी पळत नसेल, तर क्लच संपत आलाय.

दरवाजा उघडल्यावर

आता तो क्लचच्या दरवाजाचा मुद्दा. एटीसी चालवायला सोपी होती, आणि तिच्या यशाचं ते एक कारण होतं. मूठ नव्हे, अंगठ्याने नुसती एक पट्टी दाबायची की गाडी निघाली. पण निघणं सोपं म्हणजे वळणं सोपं नव्हे. तीन चाकं, मागची दोन्ही एकाच सरळ दांड्यावर जखडलेली. वळताना अंग नेमकं कुठे झोकायचं हे कळलं नाही तर ती उलटायची. हे क्लचपेक्षा कितीतरी अवघड कौशल्य होतं, आणि ते लागतं हे गाडीकडे बघून कळत नव्हतं. १९८० च्या दशकात अपघात वाढत गेले, आणि मृतांमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण मोठं होतं.

१९८८ साली अमेरिकी सरकार आणि होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, पोलारिस या पाच कंपन्यांमध्ये न्यायालयामार्फत दहा वर्षांचा करार झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. गाडीवर इशारे आले, खरेदीदाराला प्रशिक्षण देऊ केलं गेलं, आणि ९० सीसीच्या वरच्या गाड्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत हे ठरलं. २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींवर बंदीच घातली.

क्लच काढला म्हणून मुलं दगावली, असं मी म्हणत नाही; तीन चाकं, वेग, वजन, शिक्षणाचा अभाव अशी अनेक कारणं होती. पण लूनाच्या बाबतीत ज्या सोपेपणाने एक वाट मोकळी केली, त्याच सोपेपणाने इथे एक खबरदारीची पायरी नाहीशी केली. चेतक न जमणारा मुलगा चौकाच्या पुढे जायचाच नाही. ऑटोमॅटिक एटीव्ही मात्र दहा वर्षांच्या मुलालाही पहिल्या मिनिटात पळवता येते, आणि त्यामुळे ‘त्याला येते’ असा आपला समज होतो. भारतातून आलेले चुलत भाऊ, सुट्टीला आलेली भाची, सगळ्यांना ‘एक राउंड मारून ये’ म्हणायचा आपला स्वभाव. तो इथे आवरा.

आणखी एक सवय आवरायची आहे. स्कूटरवर बाबा, मागे आई, मध्ये एक पोर, पुढे उभं एक पोर, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये आहे. एटीव्हीची लांब सीट पाहिली की आपल्याला ती डबल सीटच वाटते. ती तशी नाही. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी असतात. सीट लांब असते ती चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावं म्हणून. मागे कुणी बसलं की तुमची सरकायची जागा गेली, आणि गाडीचा तोल गेला. कुणाला मागे न्यायचंच असेल तर दोघांसाठी बनवलेलं मॉडेल घ्या. हेल्मेट घाला, आणि एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण करा. गिअर बदलायला मेंदू लागत नसेल, तर तो वाचलेला मेंदू वाटेकडे लावायला शिकवणारं कुणीतरी हवं.

आता परत डीलरकडे जा. जाताना हिवाळ्यात घालता तेच बूट आणि तेच हातमोजे घेऊन जा. गाडीवर बसा, इंजिन बंद ठेवून. डाव्या पायाने पेडल शोधा. पाय सहज खाली सरकत असेल आणि मुख्य काम ओझं ओढायचं, डोंगर उतरायचं असेल, तर फूट शिफ्ट घ्या. ती बहुधा सगळ्यात स्वस्तही असते. बूट अडकत असेल, तर बटणाकडे बघा. दिवसभर पुढे-मागे करायचं असेल, किंवा घरातल्या तिघांनी आळीपाळीने चालवायची असेल, तर ऑटोमॅटिक. पण पट्टा की दाते, आणि उतारावर इंजिन धरतं का, ही दोन उत्तरं घेतल्यावरच. रात्री आईला फोन करून सांगा काय घेतलं ते. ती ‘माझ्या कायनेटिकसारखीच की’ म्हणाली, तर पट्टा तुटल्यावर तिने काय केलं होतं, तेवढं विचारून ठेवा.